दाखला हातात देण्याआधी : सोलापूरच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका व प्राचार्य,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालये

विषय : २६ जूनचं व्याख्यान आणि नशा करताना सापडलेला विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

मेअखेरीस आम्हा व्यसनोपचाराचं काम करणाऱ्यांना शाळांचे फोन सुरू होतात. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. तासभर या, मुलांना दुष्परिणाम सांगा, एखादी चित्रफीत दाखवा, जमलं तर नशेतून बाहेर पडलेला कुणी सोबत आणा, शेवटी सामूहिक प्रतिज्ञा घेऊ. फोटो निघतात, अहवाल वर जातो. पुढे दिवाळीच्या आसपास कधीतरी त्यातल्याच एखाद्या शाळेचा दुसरा फोन येतो : नववीतला मुलगा मुतारीमागं पंक्चरचं सोल्युशन ओढताना सापडलाय, उद्या वडिलांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात देतोय, तुम्ही फक्त पालकांना चार शब्द सांगा.

पहिल्या फोनातल्या कार्यक्रमानं नशा कमी होत नाही आणि दुसऱ्या फोनातल्या दाखल्यानं ती पक्की होते, एवढंच आम्हाला सांगायचं आहे. पण माणूस नशेत का अडकतो हे नीट मांडल्याशिवाय आमचा आग्रह तुम्हाला पटणार नाही, आणि पटूही नये.

वस्त्यांची, चौकांची, शाळांची नावं पत्रात मुद्दाम घेतलेली नाहीत. एखाद्या वस्तीचं नाव छापून आलं की तिथल्या पोरांना कामावर, वसतिगृहात, भाड्याच्या खोलीसाठी नकार मिळायला लागतो. नशा मात्र जागची हलत नाही.

'घरचं चांगलं, पोरगंही हुशार, मग कशाला लागलं नादाला?' शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न हमखास निघतो. त्यात दोन प्रश्नांची गल्लत आहे. पहिल्यांदा का घेतलं, याचं उत्तर सोपं असतं : मिळत होतं, मित्रानं दिलं, बघू तरी म्हणून घेतलं. सुटत का नाही, याचं उत्तर वेगळं आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत तंबाखू घेऊन पाहिलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के, हेरॉइन घेतलेल्यांपैकी २३, दारू घेतलेल्यांपैकी १५ आणि गांजा ओढलेल्यांपैकी ९ टक्के लोक पुढे त्या पदार्थाच्या आहारी गेलेले आढळले. टपरीवरच्या तंबाखूचा आकडा हेरॉइनच्याही वर आहे, याकडे लक्ष द्या. त्याच आकड्यांतून दुसरी गोष्टही निघते : चाखणाऱ्यांतले बहुतेक जण अडकत नाहीत. म्हणून 'एकदा घेतलं की आयुष्य संपलं' असं माइकवरून सांगितलं की वर्गात ज्यांनी घेतलंय आणि ज्यांचं अजून काही बिघडलेलं नाही ती चार पोरं गालात हसतात, आणि त्यानंतर तुमचं एकही वाक्य त्यांच्या कानात शिरत नाही.

मग अडकतो कोण? साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा आहे, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं. ते आपल्या हातात नाही. वय मात्र हातात आहे. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. १५ वर्षांच्या आत दारू सुरू करणाऱ्यांत पुढे दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलेलं आहे. म्हणजे शाळेनं पहिली वेळ दोन-तीन वर्षं नुसती पुढं ढकलली तरी फार मोठं काम झालं.

तिसरी गोष्ट वेगाची. पदार्थ मेंदूपर्यंत जितक्या झपाट्यानं पोचतो तितकी त्याची गाठ घट्ट बसते. ओढलेल्या धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत असतं. हुंगलेलं सोल्युशनही तसंच, फुप्फुसांतून थेट. तोंडानं घेतलेल्या गोळीला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणूनच एकच औषध गिळणारा आणि टोचून घेणारा यांची गत एकसारखी होत नाही.

यापुढचा भाग शाळेच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. डोपामिन हे सुखाचं रसायन, असं आपण वाचतो. खरं तर ते 'हे लक्षात ठेव, पुन्हा मिळव' असं बजावणारं रसायन आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आधी गोड रस मिळाल्यावर चेतणाऱ्या डोपामिनच्या पेशी काही दिवसांनी रस यायच्या आधीच्या दिव्यालाच चेतायला लागतात. पोराच्या बाबतीत तो दिवा म्हणजे पंक्चरच्या दुकानाचा वास, ठरावीक बोळ, शनिवारचा पगार, एका मित्राची शीळ. ओढ त्या खुणेपाशीच उसळते, पदार्थ हातात यायच्या कितीतरी आधी. आता त्या चित्रफितीचा विचार करा : पडद्यावर पांढरी पूड, चिलीम, सुई. सोडायचा प्रयत्न करत असलेलं एखादं पोर त्या हॉलमध्ये बसलं असेल, तर जिच्यापासून त्याला लांब ठेवायचं ती खूण आपणच दहा फुटांच्या पडद्यावर दाखवत असतो.

आणि चौथी गोष्ट, जी कुणी विचारत नाही : त्या पोराला त्यातून मिळतं काय? भूक मरते. घरातलं भांडण ऐकू येत नाही. झोप लागते. चारचौघांत बोलायची लाज जाते. वाचता न येण्याची टोचणी बोथट होते. यातलं एकही उत्तर 'मजा' नाही. शाळा सुटल्यावर यंत्रमागाच्या कांड्या भरायला जाणारं, रात्री कारखान्यातच आडवं होणारं पोर तंबाखू तोंडात धरतं ते जागं राहायला. बारा-बारा तास मागाच्या खडखडाटात उभा राहणारा त्याचा बापही तेच करतो. ज्याला नशेनं काही तरी सोसता येतं, त्याच्याकडून ती नुसती काढून घेता येत नाही, आणि त्याला काय सोसवत नाही हे 'दुष्परिणाम' सांगणाऱ्या व्याख्यानात कुठंच येत नाही.

काही महिन्यांनी गणित उलटतं. सरावानं तेवढ्याच मात्रेचा परिणाम कमी होतो, मात्रा वाढते, आणि सोडलं की नेमकं उलटं होतं : झोपेसाठी गोळी घेणाऱ्याची झोप उडते, हुशारीसाठी घेणारा गळून पडतो, दुखणं विसरायला घेणाऱ्याचं अंग ठणकतं. आता तो बरं वाटण्यासाठी घेत नाही, नुसतं ठीक राहण्यासाठी घेतो. 'इच्छाशक्ती नाही' असं आपण म्हणतो ते या टप्प्यावर. इच्छाशक्तीची परीक्षा घ्यायची तर ती या टप्प्याच्या आधी घ्यायला हवी होती.

आपल्याकडं काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण व्याख्यानांत कोकेनची माहिती दिली जाते आणि दप्तरातली पुडी राहून जाते. सुरुवात जवळपास नेहमी तंबाखूनं. विड्या वळणाऱ्या घरात मांडीवरच्या सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं दिवसभर असतात. लेकरू त्याच वासात रांगतं, त्याच वासात अभ्यास करतं. मुलींच्या हातात मिसरी घरूनच येते, दात दुखतात म्हणून. मुलांकडं मावा. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. म्हणून सुगंधी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन हातावर एकत्र करतात, झालं. त्यानंतर गांजा : डोळे लाल, आत्ता सांगितलेलं आत्ता विसरणं. घराण्यात कुणाला वेड लागलेलं असेल तर कोवळ्या वयातला गांजा त्या आजाराला आमंत्रण देतो, आणि ही गोष्ट पालकांना सांगितली की त्यांना पटते, कारण तो काका त्यांनी पाहिलेला असतो.

झोपेच्या गोळ्या म्हणजे अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, पोरांच्या भाषेत 'बटन'. जीभ जड, चाल झुलती, काल संध्याकाळचं काही आठवत नाही. या गोळ्या महिनोन् महिने रोज घेणाऱ्यानं एका झटक्यात बंद केल्या तर फिट येऊ शकते, हे लक्षात ठेवा. घरी कोंडून 'सोडवण्याचा' प्रयोग इथं जिवावर बेततो. भेसळीच्या शिंदीतही क्लोरल हायड्रेट आणि डायझेपामसारखी झोपेची औषधं असतात, त्यामुळं तिलाही हाच नियम. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आणि जिमला जाणाऱ्या मोठ्या मुलांत मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन शिरलंय. भूल देताना रक्तदाब पडला तर वापरायचं हे औषध. दम लागत नाही म्हणून घेतात, आणि काळीज नको तेवढं धावतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सोलापूरला दूरची गोष्ट राहिलेली नाही : ऑक्टोबर २०२३ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या चिंचोळी एमआयडीसीत त्याचा कारखानाच मुंबई पोलिसांनी पकडला. दोन-दोन रात्री जागरण, जबडा आवळलेला, जेवण बंद आणि मग सलग दिवसभर मेल्यासारखी झोप, असं दिसलं तर ते मनात आणा.

पण आठवी-नववीच्या वर्गात तुमची गाठ पडणार आहे ती सोल्युशनशी. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, की त्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त आहे, जवळपास दुप्पट. कारण उघड आहे. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, बुटाचा डिंक कुठंही मिळतो, स्वस्त मिळतो, विकणाऱ्यालाही आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही. आतलं मुख्य द्रव्य बहुतेक वेळा टोल्युइन. फडक्यावर किंवा शर्टाच्या बाहीवर घेऊन मुठीतून ओढतात. मिनिटभरात झिंग, आणि पाव ते पाऊण तासात उतरते, म्हणून दिवसातून पुन्हा पुन्हा. ओळख पटवायची तर बाही आणि रुमाल बघा : पांढरे कडक डाग, तोंडाभोवती कोरडी पुरळ, श्वासाला रंगाचा वास, दुपारी डोकेदुखी, जेवणावर वासना नाही. पोटात भूक नसते हीच त्याची मोठी 'सोय' आहे. शाळेचा पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो आणि नववीत बंद होतो. ज्यांच्या डब्याचा पत्ता नसतो अशा नववीतल्या पोरांची नावं वर्गशिक्षकाला माहीत असली तरी अर्धं काम झालं.

असं पोर ओढताना दिसलं तर त्याच्या अंगावर धावून जाऊ नका, ओरडू नका, पाठलाग करू नका. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. टोल्युइनसारख्या द्रव्यांनी काळीज ॲड्रिनॅलिनला अतिशय हळवं होतं; घाबरून पळणाऱ्या पोराच्या अंगात ॲड्रिनॅलिन उसळलं की ठोके बिघडून ते जागच्या जागी दगावू शकतं, पहिल्याच वेळी ओढलं असलं तरी. शांतपणे जवळ जा, एकानंच. बाकीच्या पोरांना लांब करा. त्याला मोकळ्या हवेत बसवा, फडकं हिसकावू नका, खाली ठेवायला सांगा. आसपास काडी पेटवू देऊ नका, हे द्रव्य भडकतं. अर्धा-पाऊण तास कुणीतरी शेजारी बसून राहा; प्रश्न नकोत, उपदेश नको. गुंगीत गेलं तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. लिंबू, ताक, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, कांदा नाकाला लावू नका. श्वास थांबलाय असं दिसलं तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दाब : मिनिटाला १०० ते १२०, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. शाळेत एनसीसी, स्काउट किंवा क्रीडा शिक्षक असतातच. त्यांना हे आधी शिकवून ठेवा.

त्या दिवशी एवढंच. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, पोर पूर्ण शुद्धीवर असताना, आणि एकाच शिक्षकानं. त्याला ज्यांच्या तासाला बसायला आवडतं त्यांनी. शिस्त समितीनं नव्हे. आमचे प्रश्न साधे असतात. काय घेतोस? गेल्या तीन महिन्यांत किती वेळा? शेवटचं कधी? घेतल्यावर काय बरं वाटतं? ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशी काय होतं? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यांवर चालतं. 'कुणी दिलं, अजून कोण कोण आहे' हे पहिल्या दिवशी विचारू नका. नाव सांगितलं तर ते पोर त्या टोळक्यात मार खातं, नाही सांगितलं तर तुमच्याशी खोटं बोलायला शिकतं. दोन्हींत तुमच्याशी बोलणं बंद होतं.

पालकांना बोलवायचं, पण आईला आधी, आणि मार पडणार नाही एवढी हमी घेऊन. दप्तर तपासण्यानं वस्तू दप्तरातून भिंतीच्या पलीकडं जाते, बाकी काही होत नाही. लघवी तपासायचं किट आणावं का, असं काही संस्थाचालक विचारतात. पाच-सहा पदार्थांच्या त्या स्वस्त पट्टीत सोल्युशन मुळात येतच नाही, आणि मेफेड्रोन साध्या पट्टीला बहुधा सापडत नाही. गांजा मात्र सोडल्यावरही कित्येक दिवस दाखवतो. म्हणजे ज्यानं सोडलं ते पोर पकडलं जाणार आणि जे ओढतंय ते सुटणार.

त्यापुढं त्याच्या दिवसातलं धोक्याचं भगदाड शोधा. बहुतेकांच्या बाबतीत ते शाळा सुटल्यापासून आई विड्या देऊन किंवा कारखान्यातून परत येईपर्यंतचे दोन-तीन तास असतं. ते भरायचं : मैदानावर थांबवणं, प्रयोगशाळेतली भांडी लावायला देणं, धाकट्या वर्गाच्या कबड्डीचा पंच करणं. रस्ता बदलायला लावा, त्या दुकानासमोरून जाणं बंद. पहिले तीन आठवडे रोज हजेरीच्या वेळी दोन मिनिटं त्याच शिक्षकाशी भेट. मधे एखाद्या दिवशी पुन्हा ओढेल, हे धरूनच चला. 'इतकं करूनही परत तेच' असं म्हणून बहुतेक शाळा इथं हात टेकतात. घसरलेल्या दिवशी काय झालं होतं, कोणती खूण समोर आली, हे विचारलं तर तीच घसरण कामाला येते.

आता दाखल्याबद्दल. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नं ते निषिद्ध आहे. 'पालकांनी स्वखुशीनं दाखला नेला' असं लिहून घेण्याची पद्धत आम्हाला माहीत आहे आणि तुम्हालाही. नववीपुढं कायदा आड येत नाही, म्हणून तिथं विचार आड यावा. दाखला मिळालेल्या पोराचं काय होतं? दिवस सगळा मोकळा होतो. पंधरा दिवसांत ते कुठंतरी कामाला लागतं आणि शनिवारी हातात रोख येते. शाळेतले, न घेणारे मित्र सुटतात. उरतात ते कामावरचे, मोठे, घेणारे. विचारणारं मोठं माणूस कुणी राहत नाही. अडकण्याची जी कारणं वर सांगितली त्यांतली शाळेच्या हातातली सगळी एका सहीनं उलट्या बाजूला जातात.

याचा उलटा पुरावा प्रसिद्ध आहे. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे २० टक्के तिथं अफूजन्य, म्हणजे हेरॉइनसारख्या, नशेच्या आहारी गेले होते. लष्करानं त्यांना परत आणलं, आणि संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात त्यांचा मागोवा घेतला. पहिल्या वर्षात त्यांतले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा आहारी गेले. नशा तीच, माणसं तीच. भोवतालच्या खुणा, सोबत आणि दिवसाचा क्रम बदलला होता. आपल्याच जिल्ह्यात २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या 'ऑपरेशन परिवर्तन'मध्ये मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी नुसत्या धाडी न घालता हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्यावर भर होता. गाळणाऱ्याला पर्याय लागतो हे आपल्याला मान्य आहे. ओढणाऱ्यालाही लागतो, आणि चौदा वर्षांच्या पोराच्या बाबतीत तो पर्याय म्हणजे तुमची शाळा.

कायद्याची भीती वाटून शाळा हात झटकतात, म्हणून थोडं तेही. पोलिसांत वर्दी गेली तरी अल्पवयीन मुलाच्या बाबतीत गुन्हा गंभीरातला गंभीर नसेल आणि मोठ्या माणसाबरोबर मिळून केलेला नसेल तर, एफआयआर न करता पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनीला सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या प्रकरणांत खटल्यापासून संरक्षण आहे. कडक कलमं आहेत ती देणाऱ्यांसाठी : मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकता येत नाही. टेप घेऊन एकदा मोजा. फाटकासमोरची टपरी त्या अंतराच्या आत असेल तर तक्रार पोराविरुद्ध करण्याआधी तिच्याविरुद्ध करा.

पालकसभा संपल्यावर एखादी आई मागं थांबते आणि विचारते ते पोराबद्दल नसतं, नवऱ्याबद्दल असतं. भिंतीवर रंगवलेलं असतं, 'न सांगता दारू सोडवा', आणि तिच्या पदराच्या गाठीत पुडी असते. तिला सांगा, चहातून, आमटीतून असं काही घालू नको. त्यात काय आहे ते माहीत नसतं. डायसल्फिरॅम असलं आणि माणसानं वर दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो, जीवही जातो. हे औषध खरं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असताना आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं. दुसरं, रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन तो भिंतीवरचे किडे वेचायला लागतो. याला भूतबाधा समजून बांधून ठेवतात. ही तातडीनं दवाखान्यात न्यायची वेळ आहे, आणि तिथं ग्लुकोजच्या सलाईनआधी ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालं पाहिजे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

उपचारासाठी सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग हा पहिला पत्ता. फोनवर बोलायचं तर टेलि-मानस १४४१६ आणि नशामुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, दोन्ही मोफत. सोल्युशन, गांजा किंवा एमडीवर उतारा म्हणून गोळी नाही. तिथं समुपदेशन चालतं आणि आत दडलेलं नैराश्य, अतिचंचलता, निद्रानाश यांवर औषध. अफूजन्य नशेवर मात्र ब्युप्रेनॉर्फिनसारखं चांगलं औषध आहे, आणि 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून ते बंद करायला लावू नये. पालक खासगी केंद्रात टाकायला निघाले तर त्यांना विचारायला सांगा : मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, आम्हाला भेटू देणार का, मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवणार का. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीन रुग्णाला वेगळं ठेवणं आणि सोबत घरचं माणूस किंवा सोबतीण असणं बंधनकारक आहे. 'महिनाभर तोंड बघायचं नाही' म्हणणाऱ्या केंद्रात मूल ठेवू नये. आणि अफूजन्य नशा करणारा महिन्यानं परत आला, की शरीराचा सराव मोडलेला असतो; पूर्वीचीच मात्रा घेतली तर तो मरतो. घरच्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

राहिला २६ जूनचा तास. अमेरिकेत १९८३ मध्ये पोलिसांनी शाळांतून व्याख्यानं देण्याचा 'डेअर' हा मोठा कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या अभ्यासांत त्याचा नशेवर परिणाम जवळपास शून्य निघाला. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २०१८ च्या मानकांतही एकदाच दिलेली माहिती, भीती दाखवणं आणि माजी व्यसनींचे अनुभव सांगणं हे निरुपयोगी किंवा उलट परिणाम करणारं म्हटलं आहे. आइसलँडमध्ये १९९८ ला दहावीच्या वयातल्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू चढेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथं संध्याकाळी खेळ आणि संगीताचे वर्ग सरकारी खर्चानं उपलब्ध केले, पालकांशी लेखी करार केले, रात्री बाहेर राहण्याच्या वेळा ठरवल्या. आपल्याकडं तेवढा पैसा नाही. शाळेचं मैदान संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवायला शिपायाचा जादा भत्ता लागतो, तो मात्र जमू शकतो.

म्हणून यंदा आम्हाला मुलांपुढं उभं करू नका. शाळा जूनच्या मध्याला भरेल. २६ तारखेचा तो तास शिक्षकांसाठी ठेवा आणि दार लावून घ्या. वर्गशिक्षकांनी तीन याद्या आणाव्यात : गेल्या वर्षी सातवी ते नववीतून ज्यांचा दाखला गेला ती मुलं, महिन्यात सहापेक्षा जास्त दिवस गैरहजर असणारी, आणि शाळेनंतर कामाला जाणारी. तिन्हींत जी नावं दुसऱ्यांदा येतील तिथून सुरुवात करू. क्रीडा शिक्षकांनी टेप आणावा, टपरीचं अंतर त्याच दिवशी मोजून घेऊ. शिपाईमामांनाही बसवा, मुतारीमागं काय चालतं ते त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

आपले,
सोलापुरात व्यसनोपचाराचं काम करणारे काही समुपदेशक, परिचारिका आणि औषधनिर्माते